विश्लेषण : गाडीचे पॉवर स्टीअरिंग अचानक जड का होते? नेमका दोष कसा शोधायचा?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मोटार ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. घोलवड-बोर्डीच्या वाडीतून चिकूच्या पेट्या पोहोचवायच्या, वापी-सरिगामच्या कारखान्यात पाळीवर जायचे किंवा रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघायचे, तर दारातली गाडीच कामाला येते. तिचे स्टीअरिंग एका सकाळी जड लागू लागले की पहिला प्रश्न पडतो, गाडी चालवावी की नाही? गॅरेजमध्ये गेल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. ‘रॅक गेला’, ‘मोटर गेली’ असे सांगून पुढे ठेवलेला मोठा खर्च खरोखरच गरजेचा आहे का? जड स्टीअरिंगचे कारण कित्येकदा चाकातल्या कमी हवेइतके किंवा बॅटरीच्या सैल टर्मिनलइतके साधे असते. काही वेळा मात्र ती गंभीर बिघाडाची सूचना असते. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, ते पाहू.

पॉवर स्टीअरिंग नेमके करते काय?

स्टीअरिंगचे चाक आणि पुढची दोन चाके लोखंडी दांडा, रॅक आणि टाय रॉड यांनी एकमेकांना थेट जोडलेली असतात. पॉवर स्टीअरिंग या जोडणीची जागा घेत नाही, चालकाच्या हाताला फक्त मदत करते. त्यामुळे ही मदत बंद पडली तरी गाडी वळते, जोर मात्र कितीतरी जास्त लावावा लागतो. ‘स्टीअरिंग जाम झाले’ आणि ‘स्टीअरिंग जड झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चालकाने आधी लक्षात ठेवायला हवे.

गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना चाके वळवायला सर्वाधिक जोर लागतो. वेग वाढला की तो कमी होतो. म्हणूनच महामार्गावर सरळ जाताना मदत बंद पडली, तर चालकाच्या ते चटकन ध्यानात येतही नाही. चारोटी नाक्यावर वेग कमी करून डहाणूकडे वळायला जावे आणि तेव्हाच चाक हलेना, असे घडू शकते. धोका आहे तो या अनपेक्षित क्षणाचा.

आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे?

मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. त्यात इंजिन पट्ट्याच्या साह्याने एक पंप फिरवते आणि पंपातून येणारे दाबाखालचे तेल रॅकला ढकलायला मदत करते. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये इम्पिरियल या मोटारीत ही सोय बाजारात आणली. आपल्याकडे बोलेरो, टवेरा, जुनी इनोव्हा अशा दणकट गाड्यांत हा प्रकार दिसतो.

दुसरा प्रकार इलेक्ट्रिक, म्हणजे ईपीएस. यात तेल नसते. चालकाने किती जोर लावला हे एक सेन्सर मोजतो, छोटा संगणक हिशेब करतो आणि विजेची मोटर तेवढी मदत पुरवते. जपानमध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत १९८८ मध्ये तो आला. आज भारतातल्या बहुतेक लहान आणि मध्यम मोटारींमध्ये हाच प्रकार असतो. काही मोजक्या गाड्यांत तेल असते, पण पंप विजेवर फिरतो.

ओळखण्याची सोपी खूण अशी. बॉनेट उघडल्यावर ब्रेक ऑइलच्या डबीव्यतिरिक्त स्टीअरिंगचे चित्र असलेली तेलाची डबी दिसली, तर तेलावरचे स्टीअरिंग. ती नसेल आणि चावी फिरवताच डॅशबोर्डवर स्टीअरिंगच्या आकाराचा किंवा ‘ईपीएस’ लिहिलेला दिवा क्षणभर लागून विझत असेल, तर विजेवरचे. काही साध्या व्हॅन आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगच नसते. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल तर आधी एवढे तपासावे.

इथल्या हवेचा आणि रस्त्यांचा काय संबंध?

बोर्डीपासून चिंचणीपर्यंतच्या किनारपट्टीवर खारी हवा असते. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि जोडण्या यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढते ती या दमट, खाऱ्या हवेने लवकर. विजेवरच्या स्टीअरिंगला वाहनातल्या सर्वाधिक वीज खेचणाऱ्या भागांपैकी एक मानले जाते. पार्किंगमध्ये चाके वळवताना त्याची मोटर काही क्षण कित्येक अँपिअर वीज ओढते. जोडणी गंजलेली असेल तर तेवढी वीज पोहोचत नाही आणि संगणक मदत कमी करतो किंवा बंदच करतो.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की तेलाच्या पंपाचा पट्टा भिजून घसरतो. स्टीअरिंग काही क्षण जड होते, चीं-चीं आवाज येतो आणि पट्टा सुकला की सारे पूर्ववत होते. पट्टा जुना किंवा ढिला असल्याची ही खूण आहे. पूर्वेकडे उधवा-कासा भागातल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटते. आत माती-पाणी शिरून ग्रीस निघून जाते आणि सांधा कोरडा पडतो.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर घोडबंदर ते अच्छाड या पट्ट्यात काँक्रिटीकरणाचे काम सुरू असताना मार्गिकांच्या पातळीतील फरकाचा त्रास अनेकांनी अनुभवला. अशा कडेवरून चाक आदळल्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढू लागले, तर दोष मदतीच्या यंत्रणेत नव्हे, चाकांच्या जोडणीत शोधावा.

गॅरेज गाठण्याआधी स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत?

जड कधी लागते, यावरून अर्धे निदान होते.

पहिला प्रश्न : हळूहळू जड झाले की अचानक? हळूहळू झाले तर हवा, गंज, झीज किंवा तेलगळती. अचानक झाले तर वीज, फ्यूज किंवा तुटलेला पट्टा.

दुसरा : फक्त उभ्या गाडीत जड लागते की चालतानाही? इंजिन मंद फिरताना जड आणि रेस दिल्यावर हलके होत असेल, तर तेलाच्या गाडीत पंप, पट्टा किंवा कमी तेल. विजेच्या गाडीत बॅटरी आणि अल्टरनेटर आधी पाहावा.

तिसरा : दोन्ही बाजूंना सारखेच जड आहे का? एकाच बाजूला जड असेल तर रॅकचा झडपेचा भाग, सेन्सर किंवा अलाइनमेंट.

चौथा : वळणानंतर चाक आपोआप सरळ येते का? येत नसेल तर कुठेतरी सांधा अडतो आहे.

पाचवा : त्याआधी गाडीचे कोणते काम झाले? नवे रुंद टायर, बॅटरी बदलणे, अलाइनमेंट, पंक्चर, बंपरचे काम हे सारे मेकॅनिकला सांगावे.

महामार्गावर वेगात असताना स्टीअरिंग थोडे घट्ट वाटणे हा मात्र दोष नाही. गाडी स्थिर राहावी म्हणून विजेवरची यंत्रणा वेग वाढताच मदत मुद्दाम कमी करते.

पहिला संशय टायरवर का घ्यायचा?

कारण ती तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि दोष तिथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे. हवा कमी झाली की टायर जमिनीवर जास्त पसरतो, घर्षण वाढते आणि चाक वळवायला जोर लागतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत किती हवा हवी, ते त्यावर दिलेले असते. बहुतेक छोट्या मोटारींसाठी हा आकडा ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असतो. ‘सगळ्यांत पस्तीस मार’ म्हणण्याऐवजी स्टिकर पाहावा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. लांब पल्ला मारून आलेल्या गरम टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि कमी हवा लपून जाते.

दिसायला भारदस्त म्हणून मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले असतील, तरी स्टीअरिंग जड होते. त्याला दुरुस्ती नाही, मूळ माप हाच उपाय.

विजेवरचे स्टीअरिंग असेल तर काय तपासायचे?

आधी दिवा पाहावा. इंजिन सुरू झाल्यावरही ईपीएसचा दिवा जळत राहिला, तर संगणकाने दोष नोंदवून मदत कमी किंवा बंद केलेली असते. गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावे. दिवा विझला आणि स्टीअरिंग हलके झाले, तरी दोष मिटला असे नाही. तो येऊन-जाऊन आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतर बॅटरी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात. कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडच्या मल्टिमीटरने ही तपासणी दोन मिनिटांत होते. सेल्फ मारताना गाडी कुंथत असेल, हेडलाइट मंद होत असतील, तर स्टीअरिंगच्या मोटरला दोष देण्याआधी बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग आणि फ्यूज पाहून घ्यावेत.

महालक्ष्मीच्या चैत्र यात्रेतल्या गर्दीत, भर उन्हात गाडी पुन:पुन्हा मागे-पुढे घेऊन टोकापर्यंत चाक वळवले की मोटर तापते. ती जळू नये म्हणून यंत्रणा मदत आपणहून घटवते. गाडी काही वेळ उभी ठेवली की स्टीअरिंग हलके होते. असे एखाद्या वेळी झाले तर तो बिघाड नाही, रोजच होऊ लागले तर तपासणी हवी.

दोषाचा नेमका कोड वाचायला स्कॅनर लागतो. बाजारात मिळणारी स्वस्त ओबीडी उपकरणे अनेकदा फक्त इंजिनचे कोड दाखवतात. ‘स्कॅन केले, काही दिसले नाही’ असे उत्तर मिळाले, तर स्टीअरिंगचा विभाग स्कॅन झाला का, हे आवर्जून विचारावे. ‘ऑइल बदलावे लागेल’ असा सल्ला विजेवरच्या गाडीला मिळाला, तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवणे बरे.

तेलावरचे स्टीअरिंग असेल तर?

डबीवर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. तेल किमान खुणेच्या खाली असेल तर गळती शोधायला हवी. नुसते भरत राहणे हा उपाय नव्हे. तेलात फेस असेल तर आत हवा शिरली आहे. काळे पडून जळका वास येत असेल तर ते खराब झाले आहे. चाक वळवताना ‘घूं’ असा आवाज वाढत गेला, तर तेल कमी असल्याची किंवा पंप थकल्याची ती खूण आहे. रात्रभर गाडी उभी होती त्या जागी खाली पुठ्ठा टाकला, तर गळती कुठून होते ते सकाळी कळते.

तेल कोणते घालायचे ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये. त्याने आतले रबरी सील फुगून खराब होतात आणि छोट्या कामाचे मोठे काम होते. चाक एका टोकाला नेऊन काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, कारण त्या वेळी तेलाचा दाब सर्वाधिक असतो आणि ते झपाट्याने तापते.

अनेक गाड्यांत एकच पट्टा पंप, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो. स्टीअरिंग जड झाले, त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर तो पट्टा तुटला असे समजावे. गाडी तिथेच थांबवावी, ‘पुढच्या नाक्यापर्यंत नेऊ’ म्हटल्यास इंजिन तापून बसते.

एक सोपी चाचणी दोन्ही प्रकारांना लागू पडते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. स्टीअरिंगवर हलका जोर ठेवून इंजिन सुरू करावे. चाक हाताखाली सैल होऊन किंचित वळले, तर मदत मिळते आहे. काहीच फरक पडला नाही, तर मदतीच्या यंत्रणेत दोष आहे.

मदत मिळते आहे, तरी जड का?

मग सांधे पाहावे लागतात. गॅरेजमध्ये लिफ्टवर पुढची दोन्ही चाके अधांतरी करून स्टीअरिंग फिरवावे. चाके जमिनीवर नसतानाही ते अडखळत असेल, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, शॉकअब्सॉर्बरवरची बेअरिंग, रॅक किंवा स्टीअरिंगच्या दांड्याचा सांधा यांपैकी काहीतरी अडते आहे. हवेत हलके आणि जमिनीवर जड लागत असेल, तर पुन्हा टायर, अलाइनमेंट आणि मदतीची यंत्रणा यांकडे यावे.

चाक फिरवताना एका फेरीत ‘जड-हलके-जड-हलके’ असे जाणवत असेल, तर दांड्याचा सांधा गंजला असण्याची दाट शक्यता असते. पाणी-चिखलातून चालणाऱ्या गाड्यांत हा दोष दिसतो आणि त्यासाठी अख्खा रॅक बदलण्याची गरज नसते. ही तपासणी घरी, अंगणातल्या ओल्या मातीवर जॅक लावून करू नये. जॅकवरच्या गाडीखाली तर कधीच जाऊ नये.

दोष गाडीतच, म्हणजे कारखान्यातूनच आलेला असू शकतो का?

होय. होंडाने जुलै २०१८ मध्ये नव्या अमेझच्या ७,२९० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. १७ एप्रिल ते २४ मे २०१८ या काळात त्या बनल्या होत्या आणि ईपीएसच्या सेन्सरच्या वायरिंगमुळे काहींमध्ये दिवा लागून स्टीअरिंग जड लागत होते. मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या टाय रॉडच्या एका भागातील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑल्टो के-१० च्या २,५५५ गाड्यांबाबत स्टीअरिंग गिअर बॉक्समध्ये दोषाची शक्यता सांगून, भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नका, असे मालकांना कळवले. अमेरिकेतही २०१४ मध्ये जनरल मोटर्सला पॉवर स्टीअरिंगची मदत अचानक बंद पडण्याच्या शक्यतेमुळे १३ लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

अशा वेळी दुरुस्ती मोफत होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश सरकारही देऊ शकते. आरसीवरचा १७ अक्षरांचा चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की आपली गाडी यादीत आहे का, ते कळते. सीमेलगतच्या तलासरीत एमएच-४८ बरोबर जीजे-१५, डीएन-०९, डीडी-०३ क्रमांकाच्या जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री चालते. गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे गेली की कंपनीचे पत्र जुन्याच पत्त्यावर जाते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने ही तपासणी स्वतः करावी.

चालत्या गाडीत स्टीअरिंग जड झाले तर?

घाबरून जोरात ब्रेक मारू नये. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा, इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे यावे. जोर लावला की गाडी वळते, हे ध्यानात असले की हात थरथरत नाहीत. इंजिनच बंद पडले असेल तर ब्रेकही थोड्याच वेळात कडक होतो, कारण त्याची मदतही इंजिनवरच अवलंबून असते. साठलेल्या निर्वातामुळे एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो. म्हणून तो थोडा-थोडा मारण्याऐवजी एकदाच, सलग दाबावा.

गाडी थांबेपर्यंत चावी काढू नये. चावी काढली की स्टीअरिंगचे कुलूप लागू शकते आणि मग ते जड राहत नाही, खरोखरच जाम होते. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवयही याच कारणाने जीवघेणी आहे. जव्हारकडच्या घाटवळणांवर स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्हींची मदत एकदमच जाते.

थांबल्यावर पार्किंगचे दिवे लावावेत, त्रिकोण मागे ठेवावा आणि प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आपत्कालीन स्थितीत ११२ हे क्रमांक आहेत.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

तपासणीचा क्रम साधा आहे. आधी हवा, मग बॅटरी किंवा तेल, मग पट्टा आणि जोडण्या, मग सांधे, आणि सर्वांत शेवटी रॅक, पंप किंवा मोटर. मेकॅनिक थेट शेवटच्या पायरीवर गेला, तर आधीच्या पायऱ्यांत काय दिसले ते विचारावे. स्कॅनरवरच्या कोडचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी बोईसर किंवा वापी गाठायचे असेल, तर निघण्याआधी हवा आणि बॅटरी गावातच तपासून घ्यावी. एक फेरी वाचू शकते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९८ नुसार स्टीअरिंग सुस्थितीत ठेवणे बंधनकारक आहे आणि स्टीअरिंगच्या चाकाची मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांची फिटनेस तपासणी होते. खासगी मोटारीच्या मालकाला मात्र पहिली १५ वर्षे कुणी विचारत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा टर्मिनल, पट्टा, रबरी टोप्या आणि हवा पाहून घेतली, तर जड स्टीअरिंगची बरीचशी कारणे रस्त्यावर येण्याआधीच हाती लागतात.